लायसनवाले नाना

इंदुरातल्या प्रत्येक मराठी गल्लीत काही माणसं ठरलेली असतात. एक जण गणपतीची वर्गणी स्वतः न देता सगळ्यांकडून वसूल करतो. एक जण नाटकाला सर्वांत आधी येऊन पुढली खुर्ची धरतो आणि दुसरा अंक सुरू झाला की घोरतो. एक जण ‘आमच्या होळकर सरकारात’ अशी सुरुवात करतो; संस्थान १९४८ साली मध्य भारतात विलीन झालं आणि आपला जन्म त्यानंतरचा, ही गोष्ट तो मनाला लावून घेत नाही. रामबागेजवळच्या आमच्या गल्लीत हे तिघे आहेतच. शिवाय एक चौथे आहेत, लायसनवाले नाना.

नानांकडे रिव्हॉल्व्हर आहे. नवा भाडेकरू हे ऐकतो आणि पहिले चार दिवस त्यांच्या दारावरून स्कूटर हळू नेतो. पाचव्या दिवशी नाना त्याला गाठतात. उंची बेताची, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, हातात कापडी पिशवी, पिशवीत फाइल. ‘‘भिया, भाडेकरू म्हणून तुमची माहिती ठाण्यात दिली का? नाही? मग आज देऊन टाका. मला तिकडेच जाणं आहे, सोबत चला.’’ भाडेकरूला तेव्हा कळतं की जपून राहायचं ते रिव्हॉल्व्हरपासून नव्हे.

हत्यारवाला माणूस म्हटला की माळव्यात एक चित्र डोळ्यांपुढे येतं: वर वळवलेल्या मिशा, उघडी जीप, खांद्याला दुनाळी. नानांना मिशा नाहीत, जीप नाही, आणि ते खांद्याला अडकवतात तो फक्त मफलर. ते गिरणीत रोखपाल होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची जबाबदारी त्यांच्यावर, म्हणून ऐंशीच्या दशकात त्यांनी रीतसर अर्ज केला. ठाण्यातून चौकशी झाली, शेजाऱ्यांचे जबाब झाले, आणि कलेक्टर साहेबांच्या सहीनं परवाना हातात पडला. मग एका दुकानातून जुनं वेब्ली अँड स्कॉट घेतलं. बत्तीस बोअर, सहा घरांचं, बर्मिंगहॅमचं. पुढे इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. रोकड गेली, पगार गेला, गिरणीचा भोंगाही गेला. नाना म्हणतात, ‘‘गिरणीनं मला दोन गोष्टी दिल्या. दमा आणि लायसन. दोन्हींना गोळ्या लागतात. मी दम्याच्या तेवढ्या वापरल्या.’’

हे खरं आहे. नानांनी आजवर एकही गोळी झाडलेली नाही. कोणी खोचकपणे विचारलं तर ते शांतपणे सांगतात, ‘‘परवानगी आहे, सक्ती नाही.’’

त्यांचं खरं प्रेम फाइलीवर आहे. फाइल जाड पुठ्ठ्याची, वर लाल नाडी. आत परवान्याच्या प्रती, नूतनीकरणाच्या पावत्या, राष्ट्रीय डेटाबेसमधल्या युआयएन क्रमांकाचा कागद, दर निवडणुकीत हत्यार जमा केल्याच्या आणि परत घेतल्याच्या पोचा, आणि १९५९ चा शस्त्र कायदा, ज्याची पानं आता कापडासारखी मऊ झाली आहेत. लग्नाची तारीख नाना काकूंना विचारतात. युआयएन त्यांना झोपेतून उठवून विचारा.

२०१९ साली संसदेनं या कायद्यात बदल केला, तेव्हा देशभरच्या परवानेधारकांत खळबळ उडाली. माणशी तीन हत्यारांची मुभा होती, ती आधी एकावर आणायचं घाटत होतं, शेवटी दोनावर तडजोड झाली. नानांकडे एकच, त्यामुळे त्यांना त्याची झळ नव्हती. पण त्याच दुरुस्तीत परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली. बाकीच्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. नाना मात्र आठवडाभर उदास होते. ‘‘तीन वर्षांनी एकदा कचेरीत जायचो, बाबूलोकांची विचारपूस व्हायची,’’ ते म्हणाले. ‘‘आता पाच वर्षं कोण कोणाला ओळखतो?’’

या कायद्याचा एक भाग मात्र त्यांना तोंडपाठ आहे आणि तो ते लग्नाच्या मोसमात वापरतात. वरात गल्लीतून निघते, डीजे दणाणत असतो, आणि घोड्यासमोर नाचणारा कोणीतरी उत्साही काका नानांना पाहून ओरडतो, ‘‘नाना, हो जाए एक फायर!’’ नाना पुढे येतात. डीजेवाल्याला हातानं थांबवतात. मग सगळ्या वऱ्हाडासमोर सांगतात की आनंदाच्या भरात गोळीबार करून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘‘दोन्ही’’ या शब्दावर ते नवरदेवाकडे पाहतात. पुष्कळ नवरदेव त्या क्षणी पहिल्यांदा गंभीर झालेले मी पाहिले आहेत.

निवडणूक म्हणजे तर नानांचा सण. आचारसंहिता लागली आणि हत्यारं जमा करण्याचा आदेश निघाला की बाकीचे परवानेधारक शेवटच्या तारखेची वाट पाहतात. नाना पहिल्या दिवशी, ठाण्याचं दार उघडताना हजर. एका वर्षी ठाण्यात आदेशाची प्रत पोहोचायच्या आधी नाना पोहोचले. मुन्शी म्हणाला, ‘‘चाचाजी, हमारे पास तो अभी आया नहीं.’’ नानांनी फाइलीतून आदेशाची प्रत काढून त्याला दिली.

आता या सगळ्याचा संरक्षणासाठी उपयोग काय, असा प्रश्न पडेल. तो काकूंनाही पडतो. एका उन्हाळ्यात मध्यरात्री गच्चीवर पावलं वाजली. नाना उठले. हत्यार आणि काडतुसं एका जागी ठेवायची नाहीत हा त्यांचा दंडक. रिव्हॉल्व्हर कपाटातल्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली देवघरात. काडतुसं आतल्या खोलीत लोखंडी पेटीत, आणि पेटीची किल्ली काकूंच्या ताब्यात, कारण काडतुसं हा त्यांच्या माहेरचा विषय आहे. काकूंचे वडील पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तो कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या काडतुसाच्या बुडाशी इंग्रजीत ‘केएफ’ अशी अक्षरं उमटवलेली असतात. काकू ती अक्षरं पाहुण्यांना दाखवतात आणि म्हणतात, ‘‘आमच्याकडचं आहे.’’

तर नानांनी काकूंना हलवलं. ‘‘अगं, पेटीची किल्ली दे.’’

‘‘आत्ता? कशाला?’’

‘‘चोर आला आहे.’’

‘‘कुठे?’’

‘‘गच्चीवर. हळू बोल.’’

‘‘हळू कशाला बोलू?’’ म्हणत काकू उठून बसल्या आणि त्यांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या तिन्ही घरांतले दिवे लागले. चोर गच्चीवरून उडी मारून पळाला, त्याची एक चप्पल आमच्या कुंडीत सापडली. नाना तेव्हा देवघरात चष्मा शोधत होते. दुसऱ्या दिवशी गल्ली काकूंचं कौतुक करत असताना ते एवढंच म्हणाले, ‘‘हिच्या आवाजाला लायसन लागत नाही, हे एक बरं आहे.’’

गेल्या हिवाळ्यात मात्र प्रकरण गंभीर झालं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाना हत्याराची तपासणी करतात. वेब्लीची रचना मोठी देखणी. अंगठ्यानं डाव्या बाजूचा खटका दाबायचा की वरचा आकडा सुटतो, नळी पुढे खाली झुकते, रिव्हॉल्व्हर मधून मोडल्यासारखं उघडतं, आणि चक्रीच्या मधून एक चांदणी वर येते, ती सगळी काडतुसं एकदम उचलून बाहेर टाकते. नानांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये टाकायला काही नसतं. तरी ते सहाही घरांत डोकावतात, मग करंगळी घालून बघतात, आणि वहीत लिहितात: ‘रिकामे.’ त्या रविवारी खटका दबला, पण आकडा सुटेना. जोर लावला, तरी नाही.

‘‘रिकामंच आहे हो,’’ काकू म्हणाल्या. ‘‘काडतुसं माझ्या पेटीत आहेत. मोजून घ्या.’’

नानांनी मोजली. पुरी भरली. ‘‘हिशेब वेगळा, शिस्त वेगळी,’’ ते म्हणाले. ‘‘उघडून न पाहिलेलं हत्यार भरलेलंच समजायचं.’’

इथून खरी अडचण सुरू झाली. भरलेलं समजायचं तर त्याचं तोंड सुरक्षित दिशेला हवं. पूर्वेला देवघर. पश्चिमेला शेजाऱ्यांची बैठक. खाली भाडेकरू. वर पाण्याची टाकी. उत्तरेला भिंतीवर काकूंच्या वडिलांचा फोटो, तिकडे रोखायचं म्हणजे काकूंनी घर डोक्यावर घेतलं असतं. शेवटी दक्षिणेच्या कोपऱ्यात शरबती गव्हाचं पोतं होतं, त्याकडे तोंड करून रिव्हॉल्व्हर तिजोरीसकट ठेवलं गेलं. काकू आठवडाभर त्या पोत्यातला गहू काढायला वाकताना आधी तिजोरीला नमस्कार करत.

दुरुस्तीची बातमी पुण्याला मुलीकडे पोहोचली. जावई व्हिडिओ कॉलवर म्हणाले, ‘‘नाना, त्यात काय, कुरिअर करा ना. माणूस घरी येऊन पार्सल नेतो.’’

नानांनी फोन टेबलावर ठेवला. पाणी प्यायले. मग पुन्हा उचलून म्हणाले, ‘‘जावईबापू, तुम्ही संगणकवाले. तुमचं चुकलं नाही.’’ आणि मग अर्धा तास चुकलं कसं ते सांगितलं. हत्यार म्हणजे जयपुरी रजई नव्हे. ते परवाना असलेल्या हातातून परवाना असलेल्या हातात जायचं. नुसतं बाळगायलाच नाही, दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. कायद्यात विकणं, बदलणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळं एका ओळीत लिहिलं आहे. कुरिअरच्या पोराकडे यातलं काय आहे? स्कूटर आहे.

त्याच वेळी काकूंचा भाचा डॅलसहून कॉलवर आला. तो टेक्सासमध्ये राहतो म्हणजे बंदुकीतलं त्याला सगळं कळत असणार, असं आमच्या घरांत धरून चालतात. तो म्हणाला, ‘‘नाना, इथे लोक परवाना असलेल्या गनस्मिथकडे बंदूक दुरुस्तीला पाठवू शकतात, आणि दुरुस्त झाली की ती थेट मालकाकडे परत येऊ शकते. पण पार्सलवाल्या कंपन्यांचे नियम फार कडक झालेत. आणि पिस्तूल, रिव्हॉल्व्हर सामान्य माणसानं टपालानं पाठवायचं नाही असा कायदा इथेही झाला होता. १९२७ साली.’’

नाना ताठ बसले. ‘‘किती साली?’’

‘‘१९२७.’’

‘‘बघा,’’ नाना जावयांना म्हणाले, ‘‘अमेरिका!’’ तेव्हापासून त्यांचं अमेरिकेबद्दलचं मत पार बदललं. आधी ते त्या देशाला बेशिस्त म्हणत. आता ‘टपालखातं चांगलं’ एवढं तरी कबूल करतात.

हत्यारं दुरुस्त करणारं दुकान राजवाड्यापलीकडे, बाजाराच्या गर्दीत. नानांचा गुडघा त्या दिवसांत दुखत होता, म्हणून मी सहज म्हणालो, ‘‘नाना, मी नेऊन देतो.’’ नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला वाटलं, आता आपली ठाण्यात नोंद होते. पण त्यांनी कायदा उघडला. तिसरं कलम, त्याखालचा अपवाद. परवानेधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं दुसऱ्या माणसाला हत्यार नेता येतं. कारण दुरुस्ती हवं, परवान्याचं नूतनीकरण हवं, किंवा मालकाचा स्वतःचा वापर. ‘‘येतं,’’ नाना म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मुलीच्या लग्नात मी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं ते या अपवादाकडे पाहत होते, तो वापरायची संधी आज आली.

अधिकारपत्राचा पहिला मसुदा मराठीत झाला. ‘‘ठाण्यात कोण वाचणार?’’ म्हणून दुसरा हिंदीत झाला. त्यात ‘मेरा पड़ोसी’ असं लिहिलं होतं. ते काटून नाव, वय, पत्ता आला. तिसऱ्यात हत्याराचा क्रमांक, बनावट, बोअर, परवान्याचा क्रमांक, युआयएन, कारण, जाण्याचा मार्ग आणि परतीची अंदाजे वेळ आली. माझी सही झाली. नानांची सही झाली. साक्षीदार म्हणून काकूंची झाली. सगळं झाल्यावर नाना स्वेटर घालू लागले.

‘‘तुम्ही कुठे निघालात?’’ मी विचारलं.

‘‘तुझ्यासोबत.’’

‘‘मग हे पत्र कशाला?’’

‘‘कायदा म्हणतो समक्ष किंवा लेखी,’’ नाना म्हणाले. ‘‘आपण दोन्ही करू. ‘किंवा’वर विसंबून राहणारा माणूस कधी ना कधी अडकतो.’’

रिव्हॉल्व्हर मऊ कापडात गुंडाळलं, मूळ डब्यात ठेवलं, डबा पाठीवरच्या सॅकमध्ये. २०१६ च्या नियमांप्रमाणे हत्यार रस्त्यानं नेताना पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात हवं. काडतुसं घरीच, दुरुस्तीला त्यांचं काम नाही. सॅक माझ्या पाठीवर आडवी होऊ नये, डब्यातलं तोंड जमिनीकडेच राहावं, म्हणून नानांनी आत काकूंची जुनी उशी खोचली. मग ते स्कूटर चालवू लागले आणि मी मागे. ताबा माझा, उपस्थिती त्यांची.

चिमणबागेजवळ पोह्यांचा वास आला. गरम पोहे, वर शेव, जिरावण, शेजारी कढईत जिलबी. इंदूरच्या माणसाला सकाळी या वासावरून सरळ पुढे जायला सांगणं म्हणजे छळ. मी म्हटलं, ‘‘नाना, पाच मिनिटं?’’ नानांच्या मानेवरून मला कळलं की त्यांनाही वाटतं आहे. पण म्हणाले, ‘‘हातात प्लेट घेतलीस की ताबा कुठे राहिला?’’ आणि वेग वाढवला. त्यांच्या आयुष्यातलं कायद्याच्या पालनाचं सर्वांत मोठं उदाहरण मी तेच मानतो.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या ओलांडल्या आणि पुढच्या चौकात वाहतुकीच्या हवालदारानं हात केला. साधी तपासणी होती, सगळ्यांचीच चालली होती. नानांनी स्कूटर बाजूला घेतली, स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि हवालदारानं तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘‘साहब, पहले ही बता दूँ. इस लड़के के पास रिवॉल्वर है.’’

हवालदार दोन पावलं मागे गेला. पलीकडचा दुसरा हवालदार दोन पावलं पुढे आला. माझे हात आपोआप वर गेले. नाना मात्र निश्चिंत होते. त्यांनी नाडी सोडली, फाइल मांडायला बॉनेटसारखी एखादी सपाट जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं, आणि शेवटी जवळच्या भाजीवाल्याच्या गाड्यावर मेथीच्या जुड्या बाजूला सारून मांडली. परवाना. युआयएन. अधिकारपत्र, तिसरा मसुदा, साक्षीदारासह. कलम तीन, अपवाद खाली लाल पेन्सिलीनं अधोरेखित. दोघेही हवालदार वाकून वाचू लागले. भाजीवालाही वाचू लागला. पाच मिनिटांनी पहिला हवालदार सरळ झाला आणि आदरानं म्हणाला, ‘‘चाचाजी, इतना पक्का कागज़ हमने आज तक नहीं देखा.’’

नाना कृतार्थ झाले.

‘‘बस, गाड़ी का पीयूसी दिखा दो.’’

नानांनी फाइल पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. पीयूसी होतं. मागच्या दिवाळीच्या आधी संपलेलं. नानांचा चेहरा उतरला. चोर गच्चीवर आला तेव्हाही इतका उतरला नव्हता. हवालदार सोडून द्यायला तयार होता, ‘‘जाने दो, आप तो नियम वाले आदमी हो.’’ पण नानाच हटून बसले. ‘‘नहीं. चालान बनाइए.’’ चालान झालं, पैसे भरले, पावती घेतली आणि फाइलीत लावली. निघताना हवालदारानं नानांना सॅल्यूट ठोकला. भाजीवाल्यानं मेथीची एक जुडी दिली. ती नानांनी पैसे देऊनच घेतली.

दुकानाच्या भिंतीवर एका कोपऱ्यात नेमबाज विजयकुमार यांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात तयार झालेला हा सुभेदार २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक घेऊन आला, तेव्हा अख्ख्या इंदूरनं ते पदक आपलं मानलं होतं. फोटोखाली मिस्त्री बसले होते. वय नानांएवढंच, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. त्यांनी रिव्हॉल्व्हर घेतलं, तोंड भिंतीकडल्या वाळूच्या पेटीकडे वळवलं आणि चक्रीच्या मागच्या फटीतून बॅटरी मारून पाहिलं. काडतूस असतं तर त्याची कड तिथे दिसली असती.

‘‘खाली है,’’ ते म्हणाले.

नानांनी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मी गव्हाच्या पोत्याचा विचार केला.

मिस्त्रींनी आकड्याजवळ नाक नेलं, वास घेतला, आणि भिंग वर करून नानांकडे पाहिलं. ‘‘तेल कौन सा डालते हो?’’

‘‘शुद्ध,’’ नाना म्हणाले. ‘‘खोबरेल. घरी काढलेलं. रत्नागिरीहून येतं.’’

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘नाना, ये बर्मिंगहम की औलाद है. इसको चंपी नहीं लगती.’’ वर्षानुवर्षांचं खोबरेल खटक्याच्या सांध्यात, आकड्याखाली, स्प्रिंगभोवती बसलं होतं, धूळ खाऊन चिकट झालं होतं, आणि इंदूरच्या डिसेंबरात थिजून घट्ट झालं होतं. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा फिरवला, ब्रशनं सांधे घासले, पातळ यंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले. खटका दाबला. रिव्हॉल्व्हर मधून अलगद उघडलं, चांदणी वर आली. चहा निम्मा झाला होता तोवर काम संपलं.

नाना निराश झाले. इतकी तयारी, आणि आजार निघाला खोबरेल! ‘‘म्हणजे दुरुस्ती झालीच नाही,’’ ते मला म्हणाले. मग मिस्त्रींना: ‘‘रजिस्टर में तो चढ़ेगा ना?’’

‘‘सफाई है, नाना.’’

‘‘आपने खोला, ठीक किया. चढ़ाइए.’’ मिस्त्रींनी मुकाट्यानं वही ओढली आणि नोंद केली. नाव, परवाना, बनावट, क्रमांक, काम. नानांनी बोट फिरवत क्रमांकाचे आकडे तपासले. मिस्त्री गंमतीनं म्हणाले, ‘‘एक बार चलाकर देख लें? टेस्ट हो जाएगा.’’

नानांचे डोळे चमकले, पण वेगळ्याच कारणानं. ‘‘आपके लायसन में टेस्टिंग है?’’

मिस्त्रींनी भिंतीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. नाना उठले, चष्मा लावला, चौकटीतला परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, आणि समाधानानं परत येऊन बसले. ‘‘है,’’ ते म्हणाले. ‘‘लेकिन कारतूस घर पे हैं.’’ आणि उठले. वेब्ली चाचणीवाचून परत निघालं. परतताना मी पुन्हा पोह्यांचं नाव काढलं नाही.

आता काकूंनी नवा विषय काढला आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानेधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की ते वारसाच्या नावानं करता येतं. नाना दोन्ही अटींत बसतात. मुलीला विचारलं. ती पुण्याहून म्हणाली, ‘‘बाबा, फाइल द्या, ती मी सांभाळते. रिव्हॉल्व्हर नको.’’ काकू म्हणाल्या, ‘‘मग विकून टाका दुकानात, नाहीतर ठाण्यात जमा करा. काडतुसं मी खडकीला पोहोचवते.’’ नानांनी त्यांना समजावलं की खडकीच्या कारखान्यात काडतुसं परत घेण्याची सोय नाही, माहेर असलं तरी.

पण विचार त्यांच्या डोक्यात घोळत राहिला. परवा कचेरीत नूतनीकरणाची चौकशी करताना त्यांनी बाबूला विचारलंच, ‘‘समझो, हथियार जमा कर दिया. लायसन रख सकते हैं?’’

बाबू बुचकळ्यात पडला. ‘‘हथियार के बिना लायसन किस काम का, बाबूजी?’’

नाना मला बाहेर येऊन म्हणाले, ‘‘पोरगा नवा आहे. आत्ता कुठे शिकून राहिला आहे.’’ आणि आम्ही पीयूसी काढायला गेलो.